मार्शल व्हाइटचा अखेरचा जबाब

मोठ्या शहरात पोलिसाच्या पाठीशी ठाणे असते, शिपाई असतात. नव्यानेच वसलेल्या गावात मात्र कायद्याचा भार बहुधा एकाच माणसाच्या खांद्यावर पडतो. अमेरिकेतील फ्रेड व्हाइट हा असाच एक माणूस होता.

ॲरिझोना प्रदेशात १८७७ साली एड शिफेलिन याला चांदीचा शोध लागला आणि १८७९ मध्ये तेथे टूमस्टोन हे गाव उभे राहिले. या शब्दाचा अर्थ थडग्यावरील शिळा! त्या उजाड मुलुखात तुला एवढेच लाभेल, असे शिफेलिनला बजावण्यात आले होते. म्हणून त्याने आपल्या खाणीस तेच नाव दिले. या गावाचा पहिला मार्शल, म्हणजे शांतता राखणारा अधिकारी, फ्रेड व्हाइट होय.

२८ ऑक्टोबर १८८० च्या रात्री काही मद्यधुंद काऊबॉय हवेत गोळ्या झाडू लागले. व्हाइट त्यांची शस्त्रे काढून घ्यावयास गेला. ‘कर्ली बिल’ ब्रोशियस याच्या पिस्तुलाची नळी त्याने धरली. मदतीस आलेल्या वायट अर्पने ब्रोशियसला मागून पकडले. तोच गोळी सुटली आणि व्हाइट कोसळला. लोक खवळले. जमावाने आरोपीचा जीव घेऊ नये, म्हणून त्यास टूसॉन शहरी नेण्यात आले.

३० ऑक्टोबर रोजी व्हाइटने प्राण सोडला. तत्पूर्वी त्याने सांगितले, की ब्रोशियसने गोळी हेतुपुरस्सर झाडली नव्हती. घोडा अर्धा ओढलेला असता पिस्तूल उडू नये, अशी त्याची रचना असते. हे पिस्तूल मात्र तशा स्थितीतही उडत होते. अर्पची साक्षही तशीच झाली. न्यायाधीशांनी ब्रोशियसला मुक्त केले.

मरणाच्या दारात उभा असलेला मनुष्य सहसा असत्य बोलत नाही, या विश्वासावर मृत्युपूर्व जबाबास न्यायालयात मोल मिळते. आपल्या देशाच्या कायद्यानेही १८७२ पासून तो पुरावा मानला आहे. अशा जबाबाने बहुधा अपराधी सापडतो. येथे त्याने आरोपीला वाचविले.

एप्रिल १८८१ मध्ये टूमस्टोनने गावात शस्त्र बाळगून हिंडण्यास मनाई केली. तरीही त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला, शस्त्रे काढून घेण्याच्याच प्रसंगी, तेथे तिघे ठार झाले. त्या चकमकीची कीर्ती जगभर पसरली. व्हाइटचे नाव मागे पडले. आम्हांस मात्र वाटते, की ज्याच्या पिस्तुलाने आपला प्राण जात आहे त्याच्याविषयीही न्यायाने बोलणारा हा मार्शल अखेरच्या श्वासापर्यंत आपले कर्तव्यच बजावीत होता.