आधी शेल कोरं करा

टेबलावर बीगलबोन ब्लॅक आहे. तळहाताएवढा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, आर्म प्रोसेसर. त्याच्यासाठी लागणारं बिझीबॉक्स, म्हणजे लिनक्सच्या छोट्या कमांडांचा एकत्र संच, मी शेजारच्या लॅपटॉपवर बांधतो. बांधणारं यंत्र एका घडणीचं, चालवणारं दुसऱ्या घडणीचं, म्हणून हे क्रॉस-कंपाईल.

पहिल्यांदा केलं तेव्हा सगळं विनातक्रार पार पडलं. तयार झालेली फाईल बोर्डावर नेऊन चालवली आणि उत्तर आलं, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. लॅपटॉपवर ‘फाईल’ कमांडला विचारलं, तर ती म्हणाली एक्स८६-६४. आर्मसाठी काही बांधलंच गेलं नव्हतं! ‘क्रॉस_कंपाईल’ हे व्हेरिएबल मी शेलमध्ये लिहिलं होतं, एक्स्पोर्ट केलं नव्हतं. ते शेलला ठाऊक होतं, शेलने सुरू केलेल्या, बांधणी करणाऱ्या ‘मेक’ला नव्हतं. मेकने मग लॅपटॉपचाच कंपायलर, जीसीसी, उचलला.

पुढच्या वेळी त्या व्हेरिएबलमध्ये लिहिलेल्या कंपायलरच्या उपसर्गाची शेवटची आडवी रेघ राहिली. मेक त्या उपसर्गाला नुसतं ‘जीसीसी’ जोडतो. रेघ नसेल तर कंपायलर सापडत नाही. ही चूक निदान लगेच कळते.

गप्प राहणाऱ्या चुका जास्त घातक. हेडर कुठे शोधायचे ते सांगणारं जुन्या कामातलं ‘सीपाथ’ व्हेरिएबल, बॅश हे शेल सुरू होताना वाचतं त्या ‘बॅशआरसी’ फाईलीत राहून गेलं, तर आर्मचा कंपायलरही लॅपटॉपच्या हेडर फाईली उचलतो. कंपाईल कदाचित होतंही, आणि दोष बोर्डावर उगवतो.

म्हणून आता सुरुवात ‘एन्व्ह -आय’ या कमांडने करतो. नवं बॅश उघडतं, पण जुन्या शेलचं एकही व्हेरिएबल त्यात येत नाही. बॅशआरसी वाचू नको, असंही त्याला बजावतो. होम, टर्म आणि पाथ हाताने देतो; पाथमध्ये टूलचेनची, म्हणजे आर्मच्या कंपायलर-संचाची, डिरेक्टरी सर्वांत आधी. मग ‘सेट +एच’. बॅश एकदा सापडलेल्या कमांडची जागा लक्षात ठेवतं आणि मधेच नवं साधन बांधलं तरी जुन्याकडेच जातं. ती सवय याने बंद होते.

शेवटी चार ओळींचा सी प्रोग्राम कंपाईल करून ‘फाईल’ने तपासतो. उत्तरात ‘आर्म’ दिसलं, तरच मोठं काम सुरू. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही. तुम्हीही ती कधी टाळू नका.