कौशल्याचा डाव आणि अड्डेवाल्याचा नाल

पत्त्यांचा खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा वाद आपल्या न्यायालयांत गेली साठ-सत्तर वर्षे चालत आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत करून या वादाच्या मुळावरच घाव घातला. पैसे लावून संगणकावर वा मोबाइलवर खेळला जाणारा कोणताही खेळ चालविण्यास या कायद्याने मनाई केली, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली; खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार ठरविले नाही. रमी, कागदोपत्री संघांचे क्रिकेट आणि पोकर ही सारी मंडळी एका रात्रीत एकाच रांगेत येऊन उभी राहिली. त्यांपैकी पोकरच्या बाजूने होणारा युक्तिवाद सर्वांत भक्कम होता. म्हणूनच त्याची परीक्षा करावयाची, तर ती आधी.

पोकरचे नियम अर्ध्या तासात शिकता येतात. सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येक भिडूला दोन पत्ते झाकलेले मिळतात आणि पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सर्वांसमोर उघडे मांडले जातात. या सातांतून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी वरचढ, त्याचा डाव. परंतु दरम्यान पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात आणि खेळाचा सारा रस त्या फेऱ्यांत आहे. हातात काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला हूल देता येते. भारी पत्ते असताना गरिबाचे सोंगही आणता येते. स्पर्धेत प्रवेशमूल्य भरले की सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात. सक्तीने लावावयाची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे नुसता वाट पाहत बसणारा झिजत जातो. चिप्स संपल्या की भिडू बाद. शेवटी एकटा उरेल तो पहिला.

खऱ्या पैशांचा पोकर इंटरनेटवर आला तो १९९८ साली. परंतु त्याला घरोघर नेण्याचे श्रेय, किंवा दोष, अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या एका हिशेबनिसाकडे जाते. त्याचे नाव ख्रिस मनीमेकर. हे आडनाव कोणा विनोदी लेखकाने दिलेले नसून जन्माचेच आहे. २००३ साली सत्तावीस वर्षांच्या या गृहस्थाने शंभर डॉलरांहूनही कमी प्रवेशमूल्य भरून संगणकावर एक पात्रता स्पर्धा जिंकली. त्यातून त्याला लास वेगासमधील जागतिक स्पर्धेच्या दहा हजार डॉलरांच्या मुख्य सामन्यात प्रवेश मिळाला आणि ८३९ भिडूंमधून तो पहिला आला. बक्षीस पंचवीस लाख डॉलरांचे होते.

या सामन्यातील एक डाव जगभर पुनःपुन्हा दाखविला गेला. समोर सॅम फरहा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू. त्याच्याकडे नव्वांची जोडी, मनीमेकरकडे काहीच नाही. तरी त्याने आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकविल्या. फरहाने बराच विचार केला आणि पत्ते टाकून दिले. झाकलेले पत्ते टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे ही हूल प्रेक्षकांना उघड दिसत होती. फरहाला तेवढी दिसत नव्हती. एका कारकुनाने पट्टीच्या जुगाऱ्याला गंडविले, ही गोष्ट कोणाला आवडणार नाही? पुढल्याच वर्षी त्या सामन्यात २५७६ जण उतरले आणि २००६ साली ८७७३.

याच सामन्यातला दुसरा एक डाव मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. अंतिम टेबलाच्या उंबरठ्यावर, दहा भिडू उरले असताना, मनीमेकरची गाठ फिल आयव्हीशी पडली. तेथे एकच पत्ता यावयाचा उरला होता आणि आयव्ही पुढे होता. उरलेल्या चव्वेचाळीस पत्त्यांपैकी अवघे सात मनीमेकरला तारू शकत होते, म्हणजे साधारण सहांत एक संधी. त्या सातांतला एक्का आला. आयव्ही बाद झाला. तो एक्का न येता, तर मनीमेकरच्या चिप्सचा मोठा ढीग त्याच क्षणी आयव्हीकडे गेला असता आणि ती प्रसिद्ध हूल देण्याची वेळ बहुधा आलीच नसती. फरहाला दिलेली हूल हे कौशल्य आणि आयव्हीपुढे आलेला एक्का हे दैव. दोन्ही एकाच स्पर्धेत, एकाच माणसाच्या वाट्याला आले. जाहिरातदारांनी त्यांतला पहिला भाग उचलला, यात नवल नाही.

पोकरमध्ये कौशल्य आहे काय? आहे, आणि त्याबद्दल शंका घेणे अडाणीपणाचे होईल. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९२८ साली खेळांचा जो सिद्धान्त मांडला, त्यामागे हूल देण्याचे कोडे होते. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र प्रकरणच आहे. हूल ही निव्वळ लबाडी नसून किती वेळा द्यावी याचे एक मोजमाप असते, हे त्याने दाखविले. आपल्याकडे याहून जुनी साक्ष आहे. महाभारतातील ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजल्यावाचून अदमासाने सांगतो आणि तीच विद्या, अक्षहृदय, नलाला देतो. राज्य हरलेला नल ती विद्या घेऊन परततो आणि पुष्कराकडून सारे परत जिंकतो. पोकरचे कैवारी ही कथा आनंदाने सांगतील. पण नल एकच डाव खेळला आणि थांबला, हेही त्यांनी सांगावयास हवे.

कौशल्य आहे हे मान्य केले, की खरा प्रश्न सुरू होतो. ते आपल्याकडे आहे की नाही, हे खेळणाऱ्याला कळावयाचे कसे? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने याविषयी नकळत एक बहुमोल पुरावा दिला आहे. २०१५ साली तेथील संशोधकांनी तयार केलेली संगणकप्रणाली चार निष्णात व्यावसायिकांशी ऐंशी हजार डाव खेळली. माणसे काल्पनिक सात लाख डॉलरांहून अधिक रकमेने पुढे राहिली. तरीही, एवढ्या डावांनंतरचा हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून सामना बरोबरीचा मानावा, असे विद्यापीठाचे म्हणणे पडले. २०१७ साली ‘लिब्राटस’ नावाची सुधारलेली प्रणाली वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव खेळली आणि चौघांनाही तिने निर्विवाद हरविले. विद्वानांना ऐंशी हजार डावांवर जे ठामपणे सांगता आले नाही, ते रात्रीच्या जेवणानंतर दोन तास खेळणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांत कसे कळणार?

स्पर्धेत तर हा गोंधळ अनेक पटींनी वाढतो. समजा, हजार भिडूंची स्पर्धा आहे. अगदी मध्यम कुवतीच्या भिडूला पहिला येण्याची संधी हजारात एक; त्याच्या दुप्पट कुशल असणाऱ्याला पाचशेत एक. दोघेही आठवड्याला चार याप्रमाणे पन्नास आठवडे, म्हणजे दोनशे स्पर्धा खेळले, तर काय होईल? शंभर मध्यम भिडूंपैकी अठरा जण वर्षभरात एकदा तरी पहिले येतील. दुप्पट कुशल असलेल्या शंभरांपैकी सदुसष्ट जण एकदाही येणार नाहीत. त्या अठरा जणांना आपण हुशार आहोत अशी खात्री पटेल. या सदुसष्ट जणांतले काही अभ्यास सोडतील आणि काही अधिक पैसे घालतील. दोघांचीही समजूत चुकीची ठरेल. शिवाय बक्षिसांची रक्कम वरच्या मोजक्या क्रमांकांवर एकवटलेली असते, दहांपैकी आठ-नऊ जणांना काहीच मिळत नाही. म्हणजे वर्षाचा सारा जमाखर्च एखाद-दुसऱ्या रात्रीवर लटकलेला राहतो. अशा वेळी आपण हरतो ते दुर्दैवाने आणि जिंकतो ते अक्कलहुशारीने, असे मानण्याची मुभा प्रत्येकाला असते. पोकर खेळणाऱ्यांच्या गप्पा ऐकाव्यात. प्रत्येकाजवळ शेवटच्या पत्त्याने केलेल्या घाताची एक करुण कहाणी असते. शेवटच्या पत्त्याने आपल्याला तारल्याची कहाणी सहसा कोणी सांगत नाही.

या साऱ्या अनिश्चिततेत एक गोष्ट मात्र निश्चित असते. जुन्या अड्ड्यांवर प्रत्येक डावातून अड्डेवाला आपली कपात काढून घेई. तिला नाल म्हणत. ऑनलाइन स्पर्धेत नाल प्रवेशमूल्यातच मिसळलेला असतो. शंभर रुपयांच्या स्पर्धेसाठी एकशे दहा भरावयाचे, अशी कल्पना करा. हजार भिडूंचे एक लाख रुपये बक्षिसांत परत येतात आणि दहा हजार अड्डेवाल्याकडे जातात. कोणीही जिंको, ही रक्कम ठरलेली. मध्यम भिडू दोनशे स्पर्धांत सरासरीने दोन हजार रुपये गमावतो. पण वरखाली होणाऱ्या रकमा एवढ्या मोठ्या असतात की हे दोन हजार त्याला वहीत शोधूनही सापडावयाचे नाहीत. पट्टीच्या भिडूचा नफाही आकाशातून पडत नाही. तो कच्च्या भिडूंच्या खिशातूनच येतो. म्हणून नवे लोक सतत येत राहिले पाहिजेत. मनीमेकरचे मोल अड्डेवाल्यांना वाटले ते याचसाठी.

आता न्यायालयांकडे वळू. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई राज्यात चालणाऱ्या बक्षिसी शब्दकोड्यांचे प्रकरण आले. त्यात जुगार हा व्यापार नव्हे, मात्र ज्यात कौशल्याचा भाग भरीव आहे ती स्पर्धा जुगार नव्हे, ही विभागणी पक्की झाली. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळले, तर २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने त्याच पोकरला जुगार ठरविले. १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमी प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढील अर्धशतक कंपन्यांचे वकील हा निर्वाळा ढालीसारखा वापरीत आले. पण त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा वा जागेचा मालक नफा काढीत असेल, तर खेळ रमी असला तरी गुन्हा शाबीत होऊ शकतो, असे तेथे म्हटले आहे. सभासदांच्या सोयीपुरते माफक शुल्क हा नफा नव्हे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे खेळाच्या स्वरूपाबरोबरच नालाचाही प्रश्न १९६८ सालीच मांडला गेला होता. एवढा वाद झाला तो पहिल्या अर्ध्या भागाचा. दुसरा अर्धा भाग धूळ खात राहिला.

अड्डेवाल्याच्या हाती पैसा किती सुरक्षित असतो, याचेही उत्तर अमेरिकेने दिलेले आहे. २००७ साली तेथील खेळाडूंनीच एका प्रसिद्ध संस्थळावरील डावांच्या नोंदी तपासून, एका विजेत्याला इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते, हे शोधून काढले. धागा कंपनीच्या आतपर्यंत पोहोचला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने तीन मोठ्या कंपन्यांच्या प्रवर्तकांवर आरोपपत्रे ठेवून त्यांची संस्थळे ताब्यात घेतली. त्यांपैकी ‘फुल टिल्ट’ या कंपनीची वही उघडली, तेव्हा खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे आणि बँकेत केवळ सहा कोटी शिल्लक, असे सरकारी वकिलांनी न्यायालयाला सांगितले. या खेळाडूंत मनीमेकरच्या मार्गाने आलेले सामान्य नोकरदार होते तसे नामांकित व्यावसायिकही होते. सात पत्त्यांचे गणित तोंडपाठ असणाऱ्यांनाही आपली ठेव कोठे आहे, हे ठाऊक नव्हते. त्या कंपनीच्या अमेरिकन खेळाडूंना पैसे परत मिळू लागण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

आपल्या नव्या कायद्याने कौशल्याचा प्रश्न बाजूला सारला, हे माझ्या मते योग्यच झाले. परंतु तो सारताना जी कारणे दिली गेली, ती ढोबळ होती. ४५ कोटी लोकांचे वर्षाला वीस हजार कोटी रुपये या खेळांत जातात, असा सरकारचा अंदाज सांगण्यात आला. भागाकार केला, तर माणशी ४४४ रुपये होतात. एवढ्याने कोणाचे घर बुडत नाही. बुडते ते सरासरीत न दिसणाऱ्या माणसाचे. ज्या शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधी काढला वा ज्या विद्यार्थ्याने शुल्काची रक्कम घातली, त्याचे. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के कर आकारून सरकारही नालात वाटेकरी झालेच होते. आणि मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवरील कॅसिनोंना हा ऑनलाइन खेळांचा कायदा लागू नाही. पडद्यावर जो डाव निषिद्ध, तोच पणजीत बोटीवर चढून मांडता येतो.

या कायद्याला २०२५ सालीच न्यायालयात आव्हान दिले गेले आणि तेथे कौशल्याचा जुना मुद्दा पुन्हा पुढे आला. त्या मुद्द्यावर गणितज्ञांच्या साक्षी काढण्यापूर्वी कंपन्यांना एक साधी गोष्ट विचारता येईल. तुमच्याकडे निदान एक वर्ष खेळलेल्या लोकांपैकी, नाल आणि कर वजा जाता, नफ्यात किती राहिले? प्रत्येक खात्यातील प्रत्येक डाव पैशापैशासह त्यांच्या संगणकात नोंदविलेला असतो. हे उत्तर काढावयाला ऐंशी हजार डाव खेळावे लागत नाहीत. एका हिशेबनिसाचे दुपारभराचे काम आहे.