टॅग कुणाचाही, पत्ता स्वतःचा

नागपूरहून रायपूरला एसटीने किंवा खासगी बसने गेलेल्या जुन्या प्रवाशांना पंडरी आठवते ती बस स्टँडमुळे. तो स्टँड 2021 मध्ये भाटागावला हलला. बसेस गेल्या, पण ‘बस स्टँडजवळ, पंडरी’ असा पत्ता छापलेली व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं आणि कापडी पिशव्या लगेच कुठे जाणार? दुकान जिथल्या तिथेच आहे, फक्त त्याची खूण उठून गेली.

पंडरीची दुसरी ओळख कापडाची. छत्तीसगडमधल्या घाऊक कापड व्यापाराचं हे मोठं ठाणं. सूरतहून साड्यांच्या आणि ड्रेस मटेरियलच्या गठाणी येतात, त्या इथे सुटतात आणि धमतरी, महासमुंद, जगदलपूरच्या दुकानदारांकडे रवाना होतात. जगदलपूर इथून सुमारे तीनशे किलोमीटर. तिथला दुकानदार काही दर आठवड्याला रायपूरला येत नाही. एकदा येतो, माल बघतो, बोलणी करतो आणि पुढचा सगळा व्यवहार व्हॉट्सअॅपवर चालतो: डिझाइनचे फोटो, रेट, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो. फोन टेकवला की लिंक उघडणाऱ्या एनएफसी टॅगचा उपयोग नेमका कुठे होऊ शकतो आणि कुठे तो निव्वळ शोभेचा ठरतो, हे समजून घ्यायला असा बाजार फार चांगला. मॉलमधल्या चकचकीत दुकानात नवी वस्तू नवी आहे म्हणूनच खपते. घाऊक बाजारात शेठजी एकच प्रश्न विचारतात, ‘इससे होगा क्या?’

एनएफसी टॅग म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा किंवा थोडा मोठा स्टिकर. आत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ तारेची चपटी गुंडाळी आणि मधे मोहरीएवढी चिप. बॅटरी नाही. फोन जवळ आणला की त्याच्या अँटेनातून निघणारं चुंबकीय क्षेत्र या गुंडाळीत वीज निर्माण करतं. हा फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेला प्रवर्तनाचा नियम. तेवढ्या विजेवर चिप जागी होते, स्वतःत साठवलेली चार अक्षरं फोनला सांगते आणि पुन्हा निजते. हे सगळं 13.56 मेगाहर्ट्झवर आणि प्रत्यक्षात दोन-चार सेंटिमीटरच्या आत. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याचाच लांबचा भाऊबंद, पण त्याची वारंवारिता वेगळी आणि पल्ला काही मीटरचा. म्हणून तो टोलनाक्यावर चालतो आणि फोनला वाचता येत नाही.

नोकिया, सोनी आणि फिलिप्स या तीन कंपन्यांनी 2004 मध्ये एनएफसी फोरम स्थापन केला, तेव्हा डोळ्यांसमोर कार्ड आणि तिकिटं होती. सामान्य माणसाच्या हाती टॅग लिहिण्याची सोय यायला पुढे बरीच वर्षं गेली. अँड्रॉइडवर 2010 च्या नेक्सस एस या फोनपासून एनएफसी आलं. आयफोनने मात्र 2017 पर्यंत ते पैसे देण्यापुरतंच ठेवलं. मग अॅपमधून टॅग वाचू दिले, 2018 च्या मॉडेलपासून कुठलंही अॅप न उघडता वाचू दिले आणि 2019 मध्ये लिहूही दिले.

लिहिणं अगदी सोपं आहे. ‘एनएफसी टूल्स’सारखं एखादं मोफत अॅप घ्यायचं, ‘राइट’मध्ये जायचं, ‘यूआरएल’चा रेकॉर्ड घालायचा, लिंक चिकटवायची आणि फोनची पाठ टॅगवर टेकवायची. आयफोनमध्ये अँटेना वरच्या कडेला असते. अँड्रॉइडमध्ये बहुतेक वेळा पाठीच्या मध्यावर किंवा कॅमेऱ्याच्या आसपास. ती जागा सापडेपर्यंत फोन थोडा इकडेतिकडे सरकवावा लागतो. टॅग बिघडलेला आहे अशी जी पहिली तक्रार येते, ती बहुधा या सरकवण्याच्या कंटाळ्यातून येते.

आता चिपमध्ये मावतं किती ते पाहू. बाजारात सर्वांत जास्त चालणारी चिप एनएक्सपी या डच कंपनीची, एनटॅग 213. हिच्यात वापरायला 144 बाइट. तिची थोरली भावंडं 215 आणि 216, त्यांत अनुक्रमे 504 आणि 888. म्हणजे फोटो, कॅटलॉग, रेटलिस्ट यातलं काहीही टॅगमध्ये राहत नाही. राहतो तो फक्त पत्ता. लिंकच्या सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढची चिन्हं यांच्यासाठी ठरलेला एकाच बाइटचा संकेत आहे, त्यामुळे तेवढी बचत होते. पाच-सात बाइट इकडच्यातिकडच्या नोंदींना जातात. उरतात साधारण 136.

पंडरीतल्या व्यापाऱ्याला काय हवं असेल? सॅम्पलच्या कार्डावर फोन टेकवला की व्हॉट्सअॅप उघडावं, दुकानाचा नंबर आपोआप यावा आणि संदेश आधीच टाइप केलेला असावा. अशी लिंक करता येते. व्हॉट्सअॅपचा छोटा पत्ता आणि 91 लावलेला मोबाइल नंबर मिळून 18 अक्षरं, संदेशाच्या आधी लागणारी खूण 6. झाली 24. जागा भरपूर दिसते, पण इथे देवनागरी आडवी येते. लिंकमध्ये देवनागरी थेट जात नाही, तिचं टक्क्याच्या खुणांत रूपांतर होतं. त्यात एक अक्षर, एक काना, एक मात्रा, प्रत्येकाला 9 जागा लागतात. ‘रेट भेजिए’ एवढाच संदेश घेतला तर आठ चिन्हं नवांनी गुणून 72, मधल्या रिकाम्या जागेच्या 3, म्हणजे 75. आधीच्या 24 धरून 99. बसलं. पण हौसेने ‘नई साड़ियों का रेट भेजिए’ लिहिलं की हिशेब 216 वर जातो आणि अॅप सांगतं, जागा अपुरी. मराठीचंही तेच: ‘रेट पाठवा’ मावतं, ‘साडी पाहायची आहे’ मावत नाही. उपाय दोनच. 215 नंबरची चिप घ्यायची किंवा टॅगमध्ये छोटा पत्ता ठेवून तिथून लांब लिंककडे वळवायचं. दुसरा उपाय जास्त चांगला, आणि तो का चांगला हाच या लेखाचा खरा मुद्दा आहे.

टॅगमध्ये पत्त्याशिवाय काही नसतं, तेव्हा पत्ता कुणाच्या ताब्यात आहे यावर सगळं अवलंबून. ‘टॅप करा आणि रिव्ह्यू द्या’ अशा तयार अॅक्रिलिकच्या पाट्या हल्ली ऑनलाइन सर्रास मिळतात. त्यातल्या काहींत दुकानाची लिंक थेट लिहिलेली असते, काहींत विक्रेत्याच्या वेबसाइटची, जी पुढे दुकानाकडे वळते. दुसऱ्या प्रकारात पाटी तुमच्या गल्ल्यावर असली तरी गिऱ्हाईक आधी विक्रेत्याच्या दारातून जातं. त्याने वर्षाला भाडं मागितलं, धंदा बंद केला किंवा वेबसाइटचं नूतनीकरण करायला विसरला, तर पाटी मुकी. हे केवळ छोट्या विक्रेत्यांकडूनच होतं असंही नाही. गूगलने लिंक छोटी करून देण्याची स्वतःची सेवा 2019 मध्ये बंद केली. 2024 मध्ये जाहीर केलं की तयार झालेल्या जुन्या लिंकही 25 ऑगस्ट 2025 नंतर चालणार नाहीत. ओरड झाल्यावर शेवटच्या महिन्यात माघार घेतली आणि वापरात असलेल्या लिंक चालू ठेवल्या. एवढ्या मोठ्या कंपनीच्या आधारावर ज्यांनी पाट्या छापल्या, त्यांचा जीव वर्षभर टांगणीला लागला.

म्हणून स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यावं. ‘डॉट इन’चं वर्षाचं भाडं काहीशे रुपये, दुकानाच्या एका दिवसाच्या चहापाण्यात भागणारं. त्यावर ‘साडी’, ‘पत्ता’, ‘मत’ असे रोमन अक्षरांतले दोन-चार छोटे रस्ते करून घ्यायचे आणि टॅगमध्ये तेच लिहायचे. आज ‘साडी’ व्हॉट्सअॅपला जाते, उद्या कॅटलॉगच्या पानाला न्यायची असेल तर घरबसल्या बदला. टॅगला हात लावायला नको. पंडरीच्या स्टँडसारखी खूण उद्या पुन्हा हलली, किंवा दुकानच दुसऱ्या गाळ्यात गेलं, तरी ‘पत्ता’ नावाचा रस्ता नव्या नकाशाकडे वळवता येतो. डोमेन मात्र दुकानाच्या मालकाच्या ईमेलवर नोंदवावं. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर नव्हे. हे सांगायला नको, तरी सांगावं लागतं.

त्या पानावर काय ठेवायचं याबद्दलही थोडं. घाऊक व्यापारात रेट प्रत्येकाला वेगळा: उधारीचा वेगळा, रोखीचा वेगळा, जुन्या गिऱ्हाइकाचा आणखी वेगळा. तेव्हा रेट पानावर टाकू नयेत. दुकानाची वेळ, आठवड्याची सुट्टी, जीएसटी क्रमांक, ट्रान्सपोर्टचं नाव, नव्या मालाचे फोटो आणि व्हॉट्सअॅपचं बटण एवढं पुरे. मला विचाराल तर टॅगची सर्वांत उपयोगाची जागा गल्ला नव्हेच. ती आहे सॅम्पलच्या पुट्ठ्यावर आणि बिलाच्या कव्हरवर, म्हणजे जगदलपूरला जाणाऱ्या वस्तूंवर. तिथल्या दुकानदाराला महिन्याने तोच लॉट पुन्हा हवा असतो आणि नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

क्यूआर कोड असताना हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. क्यूआर छापायला जवळजवळ फुकट, कुठल्याही कॅमेऱ्याला वाचता येतो, आणि यूपीआयने तो भाजीवाल्यापर्यंत नेऊन ठेवला आहे. एनएफसीची अडचण अशी की आपल्याकडच्या स्वस्त अँड्रॉइड फोनांपैकी कितीतरींत ती सोयच नसते. छोट्या गावच्या दुकानदाराच्या हातात नेमके असेच फोन. म्हणून टॅग एकटा लावणं हा शुद्ध वेडेपणा. टॅगच्या वरच क्यूआर छापावा आणि दोन्हींचा रस्ता एकाच पानाकडे न्यावा, फक्त शेवटी एकाला ‘एन’ आणि दुसऱ्याला ‘क्यू’ अशी शेपटी जोडावी. दोन महिन्यांनी वेबसाइटची आकडेवारी काढली की कोण कशाने आलं ते कळतं. ‘एन’कडे कुणी फिरकलंच नसेल तर पुढचे टॅग घेऊ नका. टॅगची जमेची बाजू एवढीच की अंधारात चालतो, वरून मळला किंवा ओरखडे पडले तरी बहुधा चालतो आणि कॅमेरा उघडावा लागत नाही.

पैसे घेण्यासाठी मात्र टॅग वापरायच्या भानगडीत पडू नये. यूपीआयची लिंक टॅगमध्ये लिहिता येते आणि अँड्रॉइडवर ती पेमेंट अॅप उघडूही शकते. पण आयफोन आपणहून वाचतो ते वेबचे पत्ते, फोन नंबर, ईमेल अशा मोजक्याच गोष्टी, यूपीआयची लिंक त्यात नाही. शिवाय पैशाच्या जागी अनोळखी स्टिकर ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. बँकेने किंवा पेमेंट कंपनीने दिलेला क्यूआर आणि साउंडबॉक्स तिथे आहेतच, ते राहू द्यावेत.

चोराचा विषय निघालाच आहे तर कुलपाचंही सांगून टाकतो. नवा टॅग उघडा असतो. कुणीही, म्हणजे समोर बसून साड्या बघणारं गिऱ्हाईकसुद्धा, आपल्या फोनने त्यावर दुसरी लिंक लिहू शकतं. ते थांबवायचे दोन मार्ग. कायमचं कुलूप लावलं की टॅगवर पुन्हा काहीच लिहिता येत नाही, मालकालाही नाही. पासवर्ड लावला तर मालकाला बदल करता येतो, पण पासवर्ड सांभाळावा लागतो. लिंक स्वतःच्या डोमेनची असेल तर कायमचं कुलूप खुशाल लावावं, कारण बदल टॅगमध्ये करायचेच नसतात. टॅगवर दुसरा टॅग चिकटवण्याची लबाडी मात्र कुलपाने थांबत नाही. गल्ल्यावरची पाटी रोज सकाळी पुसताना बोटाने चाचपून बघावी, आणि गिऱ्हाइकाने लिंक उघडताना वर आलेलं नाव दुकानाचंच आहे ना ते वाचावं.

बाकी बारीकसारीक. लोखंडी कपाट, स्टीलचा गल्ला, शटर यांवर साधा टॅग लावला तर तो मुळीच वाचला जात नाही; धातू ते चुंबकीय क्षेत्र खाऊन टाकतो. त्यासाठी मागे फेराइटचा थर असलेले ‘ऑन मेटल’ टॅग वेगळे मिळतात आणि थोडे महाग असतात. लाकूड, पुठ्ठा, काच, प्लास्टिक चालतं. साडीत टॅग शिवून ठेवण्याची कल्पना ऐकायला छान, पण धुण्याला आणि इस्त्रीला टिकतील असे टॅग निराळे असतात. लेबलाच्या पुट्ठ्यावर असलेलं बरं.

पंडरीतच छत्तीसगड हाट आहे. तिथल्या प्रदर्शनांत चांपाकडचं कोसा रेशीम येतं, बस्तरचं धातूचं ढोकरा काम येतं. तिथल्या विणकराला याचा फायदा घाऊक व्यापाऱ्याहून जास्त व्हावा, असं मला वाटतं. घाऊकवाल्याला त्याचं गिऱ्हाईक नावाने ओळखतं. हाटातून साडी घेऊन गेलेल्या बाईला विणकराचं नाव आठवत नाही, आणि पुढच्या वर्षी तो त्याच स्टॉलवर असेलच असंही नाही. लेबलावरचा टॅग वीणकामाचा मिनिटभराचा व्हिडिओ आणि विणकराचा किंवा सोसायटीचा नंबर दाखवू शकला तर दुसरी साडी मधल्या दलालाशिवाय विकली जाऊ शकते. टॅगमुळे कोसा अस्सल ठरत नाही, हे मात्र स्पष्ट असावं. साध्या टॅगमधली लिंक कुणीही दुसऱ्या टॅगवर उतरवू शकतो. अस्सलपणासाठी केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्क लेबल पाहावं.

आणि रिव्ह्यूबद्दल एक. ‘टॅप करा, पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या’ अशी पाटी लावू नका. बक्षीस देऊन मत मिळवणं गूगलच्या नियमांत बसत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात.

एकदम शंभर टॅग मागवू नका. आधी डोमेन घ्या, मग पाच-दहा टॅग. लिंक लिहिल्यावर एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर उघडून बघा, आणि त्यानंतरच कुलूप लावा. एकदा लावलेलं ते उघडत नाही.