उच्च रक्तदाबाच्या उपचारातील सातत्य : एक विवेचन

प्रस्तावना :
उच्च रक्तदाब बहुधा जाणवत नाही, हीच त्याच्या उपचारातील मुख्य अडचण होय. ताप उतरला की गोळी बंद, हा आपल्या घराघरांतील रूढ संस्कार येथे घातक ठरतो. रक्तदाब १२०/८० आला म्हणजे रोग बरा झाला असे रुग्ण मानतो. वस्तुतः तो आकडा गोळीनेच राखलेला असतो. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांनी याच समजुतीने गोळी सोडली व काही महिन्यांतच त्यांना पक्षाघात झाला. ते निवृत्त शिक्षक होते. तेव्हा प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही.

दोष कोणाचा?
विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत उपचारपालनाचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले. रुग्णाला दोष न देता आधार द्यावा, अशीही भूमिका त्यात आहे. या भूमिकेचा व्यवहारातील अर्थ २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात दिसतो. प्रारंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे त्याचे जिल्हे. ठरावीक मोजकी औषधे, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रात तपासणी आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढीच त्याची रीत. दर आठवड्यास गोळ्यांसाठी तालुक्याला जाणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, हे ध्यानी घेतल्यास ३० दिवसांच्या पुरवठ्याचे मोल कळते. २०२२ साली या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

संवादाचे स्वरूप :
‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नास ‘हो’ हेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असे विचारल्यास मात्र रुग्ण बोलू लागतो. ॲम्लोडिपीनने काहींच्या पायांवर सूज येते. असा रुग्ण तक्रार न करता गोळीच सोडतो. वास्तविक डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. गोळीची सांगड सकाळच्या चहाशी घालणे हा साधा उपायही उपयोगी पडतो.

आपल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरांत रक्तदाब मोजला जातो, छायाचित्रे निघतात, अहवाल सादर होतो. ज्यांचा रक्तदाब १४०/९० च्या वर आढळला त्यांच्या घरी महिन्याने पुन्हा जाण्याची तरतूद नियोजनात क्वचितच असते. स्वयंसेवक तर त्याच गावांतून रोज महाविद्यालयात येतात.