आभाळात पाऊस साठत नाही

पृथ्वीवरच्या हवेतली सगळी वाफ एकदम पाणी होऊन खाली आली, तर जमीन आणि समुद्रावर मिळून जेमतेम 25 मिलिमीटरचा थर साचेल. जगाचा सरासरी पाऊस मात्र वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर. म्हणजे हवेतलं पाणी वर्षभरात चाळीसेक वेळा बदलतं. समुद्रावरून उठलेली वाफ सरासरी आठ-नऊ दिवसांत पुन्हा खाली येते. साठा इतका लहान आणि त्याची ये-जा इतकी वेगवान असल्यामुळे, एखाद्या गावी किती पाऊस पडेल हे त्या गावावरच्या वाफेपेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी ठरवतात: नवी वाफ किती वेगानं येत राहते आणि आलेली वाफ वर उचलली जाते का. दुष्काळ आणि पूर या दोन्हींबद्दलची आपली चर्चा यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे फार कमी लक्ष देते.

26 जुलै 2005 ची मुंबई घ्या. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 944 लिटर पाणी. भर पावसाळ्यात मुंबईवरच्या हवेत डोक्यापासून वरपर्यंत असलेली वाफ पिळून काढली, तरी साधारण 60 मिलिमीटर पाणी निघेल. त्या दिवशी त्याच्या पंधरापट पाणी एका जागी पडलं, कारण भोवतालची ओली हवा सतत आत ओढली जात होती. ती ओढणारी शक्ती पाण्याचीच होती. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात सात-आठ लिटर पाणी उकळीला येतं. ही उष्णता ढगातल्या हवेला आणखी वर ढकलते, खाली मोकळ्या झालेल्या जागी नवी ओली हवा शिरते, तीही वर जाते. त्याच 24 तासांत 20-25 किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त 73 मिलिमीटर पाऊस होता. दोन्हीकडची हवा ओलीच होती, उचल मात्र सांताक्रूझकडे झाली.

सह्याद्रीबद्दल शाळेपासून ऐकलेलं असतं की तो ढग अडवतो. खरं तर तो हवेला चढायला लावतो. चढणारी हवा प्रसरण पावते आणि ढग बनेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते. थंड हवेत तेवढी वाफ मावत नाही. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तिची वाफ पाणी होण्यापासून दूर जाते, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. यावर कोणी रास्त शंका काढेल: सरासरी हजारेक मीटर उंचीचा डोंगर एवढं सगळं करू शकतो का? एकट्यानं नाही. किनाऱ्यावरचा जोरदार पाऊस अनेकदा घाटाच्या बराच आधी, समुद्रावरच सुरू होतो, हे उपग्रहांच्या नोंदींत दिसतं. डोंगराआधीच वारा मंदावतो, हवा जमा होऊन वर सरकते आणि मग वाफेची उष्णता तिला पुढे नेते. डोंगर सुरुवात करून देतो, बाकीचं काम पाणी करतं.

दुसरा आक्षेप मराठवाड्यातला शेतकरी घेईल, आणि तो जास्त टोकदार आहे. ऑगस्टमध्ये आभाळ दिवस-दिवस झाकोळलेलं असतं, तरी थेंब का पडत नाही? ते ढग बहुधा उथळ असतात. घाट उतरून आलेल्या वाऱ्यात त्यांना वर वाढायला वाव नसतो आणि त्यांचे सूक्ष्म थेंब पडण्याइतके मोठे होत नाहीत. मराठवाड्याचा चांगला पाऊस बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून येतो, कारण ते हवेला मोठ्या प्रदेशावर उचलतात. कृत्रिम पावसाचीही मर्यादा इथंच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर परिसरात केलेल्या प्रयोगांत पावसात सुमारे 18 टक्के वाढ दिसली, ती योग्य ढग मिळाले तेव्हा. विमानातून केलेली फवारणी वाढू शकणाऱ्या ढगाला मदत करते, कोरड्या खंडात ढग उभा करत नाही. दुष्काळात विमानं मागवण्याची घाई म्हणूनच चुकीच्या वेळी होते.

मग हवा तापून वाफ वाढतेय, तर पाऊस वाढून दुष्काळ हटेल का? तापमान एका अंशानं वाढलं की हवेत मावणारी वाफ सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, हे खरं. पण उचल त्या प्रमाणात सगळीकडे वाढत नाही. जिथं होते तिथं अधिक वाफ एकदम कोसळते. पुण्याच्या याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच प्रदेशातला एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. म्हणून यंदा सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला ही बातमी वाचाल, तेव्हा तो किती दिवसांत पडला आणि मधे किती दिवस कोरडे गेले, हेही आपल्या तहसील कार्यालयाला विचारा.