हातानं बसवलेलं हाड

आमच्या भागातल्या एका मोठ्या रुग्णालयानं यंदा प्लास्टर रूम बंद केली. तिथले प्लास्टर घालणारे कर्मचारी, आमचे प्लास्टरमामा, निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही, आणि त्या खोलीत आता विम्याचे कागद तपासणारी माणसं बसतात. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आता प्लास्टर घालतं कोण?’ मोडलेल्या हाडांच्या कामात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे उत्तर झोंबतं. प्लास्टरची गरज संपलेली नाही. ते घालणारे हात मात्र आपण संपवत आणले आहेत.

जुना इतिहास लांबवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डच लष्करी डॉक्टर मॅथिसन यांनी कापडात प्लास्टरची भुकटी चोळून पट्टी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनीत कुंश्चर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घातली. १९५८ साली स्विस सर्जनांच्या एओ गटानं प्लेट आणि स्क्रूंचं शास्त्र बांधायला घेतलं. आपल्याकडे पुण्यात डॉ. के. एच. संचेतींनी १९६५ साली रुग्णालय सुरू केलं. हे सगळं पुस्तकांत आहे. मला बोलायचंय ते १९९०च्या दशकाबद्दल, सरकारी रुग्णालयाच्या ऑर्थो वॉर्डाबद्दल.

त्या वॉर्डात खाटांच्या पायथ्याशी लाकडी ठोकळे असत आणि कप्पीवरून विटा लोंबत. वजनं कमी पडत, म्हणून ताण द्यायला विटा. मांडीचं हाड मोडलेला ऊसतोड कामगार नडगीत पिन घालून दहा-बारा आठवडे तसाच पडून राही. घरी कमावणारा तोच, त्यामुळे बायको वॉर्डाच्या व्हरांड्यात चूल मांडायची. या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायका ताणावर पडून पडून पाठीला जखमा होऊन, छातीत कफ साठून गेल्या. त्यांना लवकर ऑपरेशन करून उठवून बसवण्याची सोय झाली, हे फार मोठं काम झालं. मांडीच्या सळईबद्दलही माझं तेच मत आहे.

पण त्याच वॉर्डाच्या टोकाला प्लास्टर रूम होती, आणि तिथे जे शिकायला मिळालं ते पुढे कुठल्याच कार्यशाळेत मिळालं नाही. जाळीच्या कापडावर भुकटी चोळून तिथले मामा स्वतः पट्ट्या वळत. पट्टी पाण्यात सोडायची, बुडबुडे थांबले की अलगद पिळायची. पाणी कोमट असेल तर हात भरभर चालवायचा. घसरून मनगट मोडलेली बाई आली की मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन, एकानं कोपर धरायचं, दुसऱ्यानं बोटं धरून शांतपणे ओढ द्यायची. मग वाकलेलं हाड आधी थोडं आणखी वाकवून कडा सोडवायची आणि अंगठ्यानं जागी ढकलायची. ती कड ‘बसली’ हे एक्स-रे फोटो काढण्याआधी अंगठ्याला कळे. त्यानंतर प्लास्टर ओलं असेपर्यंत तीन जागी दाब धरून ठेवायचा, कारण हाड जाग्यावर राहतं ते त्या दाबामुळे. जाड थर दिल्यानं काही होत नाही. मामांना ही तीन ठिकाणं आम्हा निवासी डॉक्टरांपेक्षा नेमकी माहीत होती.

मग ३० सप्टेंबर १९९३ आला. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा भाग भूकंपानं हादरला आणि दगडमातीच्या जाड भिंती, माळवदं माणसांवर बसली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जी वाचली ती ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरमधून मिळेल त्या दवाखान्यात पोचली. आमच्याकडे ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र, सी-आर्म, नव्हतं, ऑपरेशन टेबल मोजकी होती. जखमा चिखलानं भरलेल्या. अशा जखमेत घाईनं लोखंड घालणं म्हणजे पू ओढवून घेणं. म्हणून जखम धुवायची, उघडी ठेवायची, हाड हातानं रांगेत आणायचं आणि कच्चं प्लास्टर घालून पुढच्याकडे वळायचं. त्या दिवसांत कितीतरी हातपाय या साध्या क्रमानं वाचले.

हाडवैद्यांशी माझा वादही त्याच वॉर्डातल्या दिवसांपासूनचा. तालमीतल्या वस्तादांचा हात मी पाहिला आहे. निखळलेला खांदा ते सफाईनं बसवत आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण झाडावरून पडून कोपराच्या वर मोडलेल्या पोरांना कांबट्या करकचून बांधून, लेप लावून घरी पाठवणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही. ही मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्याकडे येत, बोटं निळीकाळी पडलेली. रक्त न मिळाल्यानं हाताचे स्नायू मरून मूठ कायमची आखडे. घट्ट प्लास्टरनंही हेच होतं. म्हणूनच प्लास्टर घातलेल्या प्रत्येक मुलाच्या आईबापाला मामा दरवाजात अडवून सांगत: हात उंच ठेवा, बोटं हलवून बघा, दुखणं वाढलं तर रात्री दोन वाजताही या, आम्ही प्लास्टर कापू. हा निरोपही उपचाराचा भाग होता.

त्या दशकाच्या अखेरीस एका परिषदेत एका नामवंत सर्जननी व्यासपीठावरून सांगितलं की ज्यांना ऑपरेशन जमत नाही त्यांच्यासाठी प्लास्टर असतं. सभागृह हसलं. खेड्यातून आलेले आम्ही काहीजण मान खाली घालून बसलो. सर जॉन चार्न्ली यांनी आधुनिक खुबाबदल जगाला दिला, आणि त्याआधी, १९५० साली, मोडलेली हाडं न कापता बसवण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना ऑपरेशन जमत नव्हतं, असं कुणी म्हणेल का? हे मला तेव्हाच उठून विचारायचं होतं.

पुढची वीस वर्षं भराभर सांगता येतील. लॉकिंग प्लेट आली, सी-आर्म तालुक्याला पोचला, शासकीय आरोग्य योजना आल्या, २०१७ साली केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. बरंचसं चांगलंच झालं. पण याच काळात मनगटाच्या प्रत्येक मोडीला प्लेट लावायची सवय लागली, आणि तिला कुणी पुरावा मागितला नाही.

पुरावा नंतर आला, तो ब्रिटनमधून. २०१४ साली मनगटाच्या मोडीत प्लेट आणि साध्या तारा यांची तुलना झाली. प्लेट वरचढ ठरली नाही. २०२२ साली तारा आणि नीट दाबून बसवलेलं प्लास्टर समोरासमोर ठेवलं. वर्षानंतर हाताच्या कामात फरक नव्हता. प्लास्टर घातलेल्या आठांतल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्याला ऑपरेशन लागलं. उरलेल्या सातांना लागलं नाही. २०२०च्या फिनलंडमधल्या अभ्यासात दंडाच्या हाडाबाबतही असंच दिसलं: वर्षभरानं पट्टा बांधलेले आणि प्लेट घातलेले सारखेच. त्या सभागृहातल्या हास्याला इतक्या वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे.

तरीही प्लास्टर रूम बंद होते, याचं कारण हिशेबात आहे. बहुतेक खाजगी विमा चोवीस तास दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी गेलेल्या बाईला खिशातून भरावं लागतं, प्लेट घालून राहिलेलीचं बिल विमा भरतो. मग नातेवाईकच म्हणतात, ‘डॉक्टर, ऑपरेशनच करा.’ डॉक्टरलाही दर आठवड्याला फोटो काढून हाड सरकलं का हे पाहण्याची कटकट नको असते. हल्ली निवासी डॉक्टर गुंतागुंतीची प्लेट आत्मविश्वासानं बसवतात, पण मनगटाला ओढ द्यायला सांगितली की कोणाचा तरी चेहरा शोधतात. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी दाखवलंच नाही.

पदव्युत्तर शिक्षणाचे पहिले काही महिने प्लास्टर रूममध्ये गेले पाहिजेत, आणि मामांच्या जागा भरल्या पाहिजेत. दाखल न होता हाड बसवून घेणाऱ्यालाही विम्यानं पैसे दिले पाहिजेत. आणि मनगट मोडलेल्या बाईला प्लेटचा खर्च सांगण्याआधी सांगितलं पाहिजे की हे हाड हातानंही बसतं. आठव्या दिवशी फोटो काढू, सरकलं असेल तर ऑपरेशन तेव्हाही करता येईल.