जीपला ट्रॅक्टरचं काळीज

रात्री मेस सुटल्यावर गाड्यांच्या गप्पा निघाल्या की आपल्या हॉस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं – "डिझेल म्हणजे टॉर्क!" मग कुणीतरी मोबाईलवर एखाद्या जुन्या जीपचा किंवा पिकअपचा फोटो दाखवतो, तिच्यात कुठल्यातरी भलत्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं असतं, आणि सगळे "वा वा" करतात. इंजिन बसतं कसं, आणि बसल्यावर गाडीचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी मेकॅनिकलची, गाव मानवत, आणि आमच्याकडे हा उद्योग हौसेखातर नाही, पोटापाण्यासाठी चालतो. म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!)

आधी थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. भलतं इंजिन घालायची आयडिया गॅरेजवाल्यांची असं आपल्याला वाटतं. पण आपल्याकडे हा प्रयोग खुद्द कंपनीनेच मोठ्या प्रमाणावर केला. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये विलीजचं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन असायचं – चार सिलिंडर, २.२ लिटर. १९७३ साली जगभर तेलाचा भडका उडाला आणि पेट्रोलची जीप पोसणं जड जाऊ लागलं. महिंद्राकडे तेव्हा डिझेल जीपसाठी तयार इंजिन नव्हतं. पण ट्रॅक्टर होता! १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर काढलेल्या कंपनीत बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर बनायचा. त्याचं सुमारे २३५० सीसीचं डिझेल इंजिन होतं, ताकद ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास. सत्तरच्या दशकात तेच इंजिन सुधारून जीप आणि छोट्या ट्रकमध्ये आलं. म्हणजे शेतात नांगर ओढणारं काळीज रस्त्यावर धावू लागलं. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३, म्हणजे २११२ सीसी (गणित करून बघा, बरोबर येतं). मराठवाड्यातल्या काळीपिवळी जीपांचं जग बरंचसं या घराण्यावर उभं राहिलं. दुसरीकडे पुण्यात आकुर्डीला बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं इंजिन परवान्यावर बनवत होती. जर्मनीत ज्या इंजिनावर २४० डी ही मर्सिडीज कार चालली, ते आपल्याकडे मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये वऱ्हाड आणि भाजीपाला वाहत राहिलं. गॅरेजमध्ये त्याला कुणी ओएम ६१६ म्हणत नाही. 'मॅटाडोरचं इंजिन' एवढंच.

अमेरिकेतही हा नाद आहे बरं का. तिथे वेफर्स आणि पाव पोचवणाऱ्या व्हॅनमधलं कमिन्सचं चार सिलिंडरचं ३.९ लिटर इंजिन काढून जुन्या फोर्ड, शेव्हरोले पिकअपमध्ये घालतात. ते इंजिन एकटंच साडेतीनशे किलोच्या घरात जातं. पुढचे पाटे बदलल्याशिवाय गाडी नाक घासत चालेल! असो.

आता त्या 'डिझेल म्हणजे टॉर्क' कडे वळू. कागदावर हरिकेन पेट्रोल इंजिनाचा टॉर्क आहे सुमारे १५५ न्यूटन मीटर, तोही २००० आरपीएमला. ओएम ६१६ चा आहे १३७, २४०० ला. दचकलात ना? हरिकेनचा आकडा जुन्या अमेरिकन 'ग्रॉस' पद्धतीचा आहे, म्हणजे इंजिनावर पंखा, सायलेन्सर वगैरे ओझं न लादता मोजलेला, तेव्हा तो थोडा फुगीर आहे. तरीही टर्बो नसलेल्या जुन्या डिझेलने टॉर्कमध्ये मोठा पराक्रम केला, असं या आकड्यांवरून कुणालाही म्हणता येणार नाही.

मग लोक पेट्रोल काढून डिझेल का घालत होते? सरळ उत्तर – पैसा. हरिकेनचा कॉम्प्रेशन रेशो सातच्या आसपास, ओएम ६१६ चा २१. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण जो एफिशियन्सीचा फॉर्म्युला पाठ करतो, तो इथे खिशाशी येऊन भिडतो. शिवाय पेट्रोल इंजिन अर्ध्या ॲक्सिलरेटरवर थ्रॉटलच्या अरुंद फटीतून हवा ओढत बसतं, त्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. त्यात सरकार डिझेलचा भाव मुद्दाम खाली ठेवत होतं. पेट्रोलचं नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं, डिझेलचं ऑक्टोबर २०१४ मध्ये. इंजिन बदलून निघणारा नफा बराचसा या दरीतून यायचा, आणि आता ती दरी पूर्वीएवढी राहिली नाही. जुनी गणितं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हे सगळं मी एवढं खोदून काढलं त्याला कारण आहे. आमच्या मामांची एक जुनी डिझेल पिकअप आहे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत खेड्यांतला कापूस मानवतच्या जिनिंगवर आणायचा, मधल्या काळात खत-बियाणं, असं तिच्यावर घर चालतं. वीस-बावीस वर्षं घासून तिच्या इंजिनाने अंग टाकलं. ऑइल प्यायची, धूर सोडायची. मिस्त्री म्हणाला, मॅटाडोरचं इंजिन आहे, टाकून देतो, दहा वर्षं बघायला नको. मामा मला फोनवर म्हणाले, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना गं? मग सांग, टाकू का नको?" चार सेमिस्टर झाल्यावर असा प्रश्न आला की व्हायव्हापेक्षा जास्त घाम फुटतो.

सुट्टीत मी त्या गॅरेजवर दोन दिवस बसले. मिस्त्री आधी बोलेचना, मग चहा झाल्यावर बोलायला लागला. त्याचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय: "इंजिन तो बैठ जाता बेटा, गाडी को बैठना चाहिये." याच्यापेक्षा चांगलं मला कुठल्या टेक्स्टबुकात सापडलं नाही.

कारण इंजिन जागेवर ठेवणं हे काम सगळ्यात सोपं. फाउंडेशनचे ब्रॅकेट कापून-वेल्डिंग करून नवे लावता येतात. खरी मेख इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आहे. दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड लोखंडी ॲडॅप्टर प्लेट घालतात. लेथवाला ती बनवून देतो. पण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर यायला हवा, फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपासच चालतो. तो डायल गेजने मोजायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो 'नजरेने' मोजतात! मग पायलट बेअरिंग खाल्लं जातं, क्लच थरथरतो, काही महिन्यांत गिअरबॉक्स आवाज करू लागतो आणि दोष मात्र इंजिनाला मिळतो. क्लच प्लेटच्या हबचे दातेसुद्धा गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळणारे हवेत आणि प्लेटचा व्यास फ्लायव्हीलला. म्हणजे प्लेट एका गाडीची, हब दुसरीचा, असं लग्न लावावं लागतं.

त्याच्या खाली ऑइलचं चेंबर. फोर व्हील ड्राइव्ह जीपमध्ये पुढचं डिफरन्शियल चेंबरजवळ असतं. गाडी उभी असताना बोटभर फट दिसते, पण खड्ड्यात पाटे दबले की ॲक्सल वर येतो आणि चेंबर फुटतं. काळ्या मातीत पावसाळ्यात आमच्याकडचे रस्ते कसे होतात ते सांगायला नको.

आता गिअरिंग. जुन्या सीजे-३बी जीपच्या ॲक्सलचा रेशो ५.३८. चाकाचा व्यास साधारण ७२ सेंटिमीटर धरला तर परीघ झाला २.२६ मीटर. टॉप गिअरला इंजिन ४००० आरपीएमवर फिरलं की वेग येतो ताशी १०० किलोमीटर. पेट्रोल इंजिनाला ते जमतं. पण ट्रॅक्टरचं इंजिन त्याच्या मूळ गव्हर्नरवर ठेवून समजा २००० पर्यंतच नेलं, तर त्याच जीपचा टॉप स्पीड उरला ५०! मागून बैलगाडीने हॉर्न द्यायचा बाकी. मग लोक काय करतात? मायको पंपाचा गव्हर्नर ताणतात. इंजिन ज्या वेगासाठी बनलं नाही त्या वेगाने फिरतं, आणि एक दिवस कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेरचं जग बघतो. योग्य उपाय म्हणजे क्राउन-पिनियनचा सेट बदलणं. २००० वर ७० चा वेग हवा असेल तर रेशो ३.९ च्या जवळ लागेल. हा खर्च मिस्त्रीच्या पहिल्या एस्टिमेटमध्ये कधीच नसतो.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट मात्र ब्रेक. सर्वो ब्रेकला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो. बहुतेक डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून व्हॅक्यूमही नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला. भंगारातून इंजिन आणताना अल्टरनेटर दुसराच लावला आणि हा पंप राहिला, तर रिकामी गाडी गॅरेजच्या अंगणात थांबते. पण वीस क्विंटल कापूस घेऊन उतारावर पेडल दगडासारखं होतं. पेट्रोलची गाडी डिझेल करणाऱ्याने हा भाग सगळ्यात आधी तपासावा, इंजिन सुरू करण्याच्याही आधी.

कुणी म्हणेल, एवढं करायचं तर आजचं कॉमन रेल इंजिनच टाकू, टॉर्कच टॉर्क! ते इंजिन कॉम्प्युटरशिवाय एक फेरा मारत नाही. सोबत ईसीयू, सगळी वायरिंग, ॲक्सिलरेटर पेडल, चावीचं इमोबिलायझर, सगळं दान म्हणून मिळायला हवं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला डिझेल दिलं, स्टार्टर फिरवला, की झालं. गावाकडचे मिस्त्री अजून मॅटाडोरच्या प्रेमात आहेत ते उगाच नाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही. इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी बुकावर नोंद करायची, हेही त्याच कलमात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. एमएच-२२ च्या पासिंगला इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी दारात उभी. आणि पासिंग नसताना अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिला कागद कुठला मागेल, हे वेगळं सांगायला नको.

मी मामांना हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. एका बाजूला मॅटाडोर: इंजिन, प्लेट, क्लच, पंप, क्राउन-पिनियन, रेडिएटर, आणि पासिंगची धाकधूक. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच इंजिनाचं हाफ इंजिनचं काम: बोअर करून नवे स्लीव्ह, पिस्टन-रिंग, बेअरिंग, नोझल. मामांनी कागद मिस्त्रीला दाखवला. मिस्त्रीने तो उलटा-सुलटा करून बघितला, क्राउन-पिनियनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये बच्ची ने मेरा धंदा खराब किया."

पिकअप आता जुन्याच ब्लॉकवर, जुन्याच नंबरवर चालते. मॅटाडोरचं इंजिन शेडमध्ये पोत्याखाली पडून होतं, परवा एका जिनिंगवाल्याने जनरेटरला लावायला नेलं. तिथे त्याला १५०० आरपीएमवर एका जागी उभं राहून फिरायचंय. ना क्राउन-पिनियन, ना पासिंग.